गाठ लागल्यापासूनचे दिवस

सुलतानपूर हे मेहकर आणि लोणार यांच्या मधलं गाव. लोणारचं विवर बघायला देशोदेशीची माणसं येतात आणि त्यातली बरीच याच रस्त्यानं जातात. गावातल्या एखाद्या बाईच्या छातीत गाठ लागली, तर तिचा प्रवास मात्र उलट्या दिशेनं सुरू होतो. आधी गावाजवळचं आरोग्य केंद्र, मग लोणारचं ग्रामीण रुग्णालय किंवा मेहकरचा खासगी दवाखाना, मग बुलडाण्याचं जिल्हा रुग्णालय. तिथून पुढे तिला अकोल्याच्या संत तुकाराम रुग्णालयात, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, नाहीतर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात जावं लागतं. शेवटी कुणीतरी सांगतंच, ‘मुंबईले टाटाले न्या.’ रेल्वे जिल्ह्याच्या उत्तर अंगानं, मलकापूर-नांदुरा-शेगाव अशी जाते. खामगाव-जालना मार्गाची मागणी इतकी जुनी आहे, की ती करणाऱ्यांची नातवंडंही आता आजोबा झाली असतील. लोणार-मेहकरकडच्या माणसाला एसटी आणि वडाप हेच आधार.

आता समृद्धी महामार्ग झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. अंतरं आकसली. पण कॅन्सरच्या बाबतीत सगळ्यात लांबचा पल्ला रस्त्यावर नसतोच, तो घरात असतो. ‘दुखत तं नाही, मंग कायले डॉक्टर?’ हे वऱ्हाडातलं नेहमीचं वाक्य. नंतर सोयाबीनची सोंगणी येते, कापसाची वेचणी येते, पोरीचं लग्न ठरतं. गाठ थांबत नाही. रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचतो तेव्हा आजार बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या पायरीवर गेलेला असतो, आणि मग सगळी यंत्रं, सगळी औषधं उशिराची ठरतात.

इतर देशांकडून आपण काय शिकावं, या प्रश्नाचा विचार म्हणूनच सुलतानपूरपासून सुरू करायला हवा. एरवी परदेशाचं नाव निघालं, की आपल्याकडे चर्चा यंत्रांवर घसरते. कुठे प्रोटॉनचं यंत्र आलं, कुठे रोबोट शस्त्रक्रिया करतो. मला वाटतं, शिकण्यासारखी खरी गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून अवघड आहे. ज्या देशांनी आपली स्थिती सुधारली, त्यांनी रुग्णाचे दिवस मोजायला कुणाला तरी नेमलं.

डेन्मार्कचं उदाहरण घेऊ. साठेक लाख वस्तीचा देश, म्हणजे २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजार लोकसंख्या असलेल्या बुलडाणा जिल्ह्याच्या सुमारे सव्वादोन पट. श्रीमंत, उपचार फुकट, आणि कर्करोगाची देशभरची नोंदणी १९४० च्या दशकापासूनची. एवढं असून नव्वदच्या दशकातल्या युरोपीय तुलनांमध्ये एक गोष्ट उघडी पडली. शेजारच्या स्वीडन-नॉर्वेपेक्षा डेन्मार्कचे कॅन्सररुग्ण कमी जगत होते. तिथल्या लोकांना ही नामुष्की वाटली. २००० साली पहिली राष्ट्रीय योजना आली, २००५ साली दुसरी. पैसा आला, यंत्रं आली, तरी दिवस कमी होईनात. मग २००७ साली सरकार आणि प्रादेशिक प्रशासनं यांच्यात करार झाला, की कॅन्सरचा संशय हा तातडीचा आजार मानायचा, हृदयविकाराच्या झटक्यासारखा.

त्यातून २००८-०९ मध्ये प्रत्येक प्रकारच्या कॅन्सरसाठी ठरीव मार्ग आखले गेले. संशय आला त्या दिवसापासून तपासणी कधी, निदान कधी, उपचार कधी, या प्रत्येक टप्प्याला दिवसांची मर्यादा. मध्ये रुग्णाला स्वतः खेटे घालायचे नाहीत. पुढची तारीख त्यानं मागायची नाही, रुग्णालयानं द्यायची. तरीही एक फट राहिली होती. ज्यांची लक्षणं ठळक असत ते मार्गाला लागत, पण नुसतं वजन घटतंय, थकवा जात नाही, असं सांगणारा माणूस कुठेच बसत नव्हता. त्याच्यासाठी वेगळी निदान केंद्रं निघाली. गावच्या डॉक्टरला ‘काहीतरी बिघडलंय, पण काय ते कळत नाही’ एवढं वाटलं तरी तो रुग्ण तिथे पाठवू शकतो.

फळ दिसायला वेळ लागला. सात श्रीमंत देशांच्या आकड्यांची तुलना करणारा अभ्यास २०१९ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आला. १९९५ ते २०१४ या काळात ज्या देशांनी ठळक प्रगती केली, त्यांत डेन्मार्क होता. आणि ज्या शेजाऱ्यांच्या तुलनेत तो मागे पडला होता, त्या स्वीडन आणि नॉर्वेनं २०१५ च्या सुमारास डेन्मार्कचे हे ठरीव मार्ग आपल्याकडे नेले.

इंग्लंडची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती अर्धी अपयशाची आहे. तिथे तातडीच्या चिठ्ठीपासून ६२ दिवसांत उपचार सुरू व्हावेत असा नियम आहे. शंभरातल्या ८५ रुग्णांबाबत तो पाळला जावा असं उद्दिष्ट आहे, आणि २०१५ नंतर देशपातळीवर ते गाठलं गेलेलं नाही. पण हे आपल्याला कळतं कसं? सरकार स्वतःचं अपयश दर महिन्याला छापतं म्हणून. बुलडाणा जिल्ह्यात गाठ लागल्यापासून पहिल्या केमोपर्यंत किती दिवस जातात, हा आकडा वाईट आहे असंही आपण म्हणू शकत नाही. कुणी मोजलेलाच नाही.

इथे एक गंमत आहे, आणि ती कडू आहे. हे सगळं शिकायला कोपनहेगनला जायची गरज नव्हती. बार्शीला गेलो असतो तरी चाललं असतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्याआधी आपल्या नोंदण्या शहरांतल्या होत्या. मुंबईची तर १९६३ पासूनची, डॉ. जस्सावाला आणि इंडियन कॅन्सर सोसायटी यांची. शहरात रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून नोंद होते. खेड्यात रुग्ण रुग्णालयात येतच नाही, तर कागद कुठला? म्हणून बार्शीकरांनी कार्यकर्ते शिकवून गावोगाव पाठवले. ते घरोघरी जायचे, पारावर बसायचे, कुणाच्या अंगावरून पांढरं जातंय, कुणाच्या तोंडात जखम भरत नाहीये ते विचारायचे, आणि कर्करोगाची लक्षणं सांगायचे.

हे काम मुळात मोजणीसाठी होतं. पण काही वर्षांनी आकडे लावले तेव्हा दिसलं, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आता पूर्वीपेक्षा लवकरच्या पायरीवर उपचाराला येत आहेत. ना नवं यंत्र, ना नवं औषध. कुणीतरी येऊन विचारत होतं आणि पुन्हा येत होतं, एवढंच. हा निष्कर्ष १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला, म्हणजे डेन्मार्कच्या पहिल्या योजनेच्या पाच वर्षं आधी.

पुढची कथा आणखी मोठी. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचं रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या तपासणीची चाचणी घेतली. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काहींची एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी, काहींची पॅप, म्हणजे पेशींची तपासणी, काहींची ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखा द्राव लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि एका गटाची तपासणी नाही. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये निकाल आला. आयुष्यात एकदा झालेल्या एचपीव्ही तपासणीनं त्या गटातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूनं व्हिनेगरच्या तपासणीचा प्रयोग केला. दहावी-बारावी शिकलेल्या मुलींना शिकवून घेतलेल्या त्या तपासणीनं मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१३ साली जाहीर झालं.

या चाचण्यांवर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. ज्या गटाची तपासणी झाली नाही त्यातल्या बायका मरताना आपण मोजत बसलो का, हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. संशोधकांचं उत्तर असं, की तेव्हा देशात कुणाचीच तपासणी होत नव्हती. पण मग त्या बायकांनी दिलेल्या किमतीच्या बदल्यात त्यांच्या लेकी-सुनांना काय मिळालं? जगाला मिळालं. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीचा पुरस्कार करते, त्यामागे या निष्कर्षांचा मोठा आधार आहे. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०१७ मध्ये पॅपऐवजी एचपीव्ही तपासणी आणली, आणि जुलै २०२२ पासून तिथे बाई स्वतःचा नमुना स्वतःच घेऊ शकते. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के.

लशीचीही तीच कथा. २००९ साली भारतात एचपीव्ही लशीच्या दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. त्याच्या केंद्रांमध्ये बार्शी होतं, पुणंही होतं. २०१० साली आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या लसप्रकल्पावरून वादळ उठलं, सगळंच थांबवलं गेलं, आणि हजारो मुलींचा एकच डोस झालेला राहिला. त्यांचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. दहा वर्षांनी कळलं, की एका डोसाचं संरक्षणही जवळजवळ तेवढंच आहे. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसाला मान्यता दिली, त्यात या मुलींचा वाटा आहे. अनेक गरीब देशांचा लसखर्च त्यामुळे निम्म्यावर आला. रवांडानं २०११ पासूनच शाळांमधून लस दिली आणि नव्वद टक्क्यांहून जास्त मुलींपर्यंत पोचला. स्कॉटलंडमध्ये २००८ पासून बारा-तेरा वर्षांच्या वयात पूर्ण लस घेतलेल्या मुलींमध्ये पुढे गर्भाशयमुखाचा एकही कर्करोग आढळला नाही, असं २०२४ साली छापून आलं. आपल्याकडे सिक्कीमनं २०१८ मध्ये शाळांत मोहीम राबवली. पुण्याच्या सीरमनं २०२३ मध्ये देशी लस बाजारात आणली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी प्रोत्साहनाची भाषा आली.

म्हणजे पीक आमच्या वावरात निघालं आणि खळं दुसऱ्याच्या अंगणात झालं. इतर देशांकडून शिकायचं ते विज्ञान नव्हे. निष्कर्ष हाती आला की तो दोन वर्षांत शेवटच्या गावापर्यंत कसा न्यायचा, हे शिकायचं.

विदर्भाचा खास आजार तोंडाचा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा इथे चहापेक्षा सहज मिळतो. गुटख्यावर राज्यानं जुलै २०१२ मध्ये बंदी घातली, सुगंधी सुपारी-तंबाखूवरही पुढे घातली, आणि खर्रा पानठेल्यावर घोटला जातोच आहे. इथे धडा तैवानकडून. तिथेही सुपारीचं व्यसन मोठं. २००४ पासून त्यांनी सुपारी खाणारे आणि धूम्रपान करणारे यांच्याच तोंडाची सरकारी खर्चानं तपासणी सुरू केली. वीस लाखांहून अधिक माणसं तपासली, आणि तपासणी झालेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे चौथाईनं कमी आढळले. साधन काय? बॅटरी आणि डोळे. तिरुवनंतपुरमच्या चाचणीनं २००५ सालीच हे व्यसनी माणसांबाबत दाखवून दिलं होतं. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमातही आशाताईंनी तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा असतो, त्यात तंबाखूचा रकाना आहे. फॉर्म भरले जातात. पण संशयित माणूस लोणारला पोचला का, तिथून बुलडाण्याला गेला का, हे बघायला कुणी नाही. आशाताईला त्याचा मोबदलाही नीट ठरलेला नाही आणि अधिकारही नाही. तिला दोष देणारे लोक तिच्या कामाची यादी वाचून बघत नाहीत.

शिकताना काय घ्यायचं नाही, हेही पाहावं लागतं. दक्षिण कोरियानं १९९९ मध्ये राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम आणला. त्याबरोबर डॉक्टरांनी गळ्याची सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली. १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइडच्या कॅन्सरचं निदान पंधरा पट वाढलं, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो माणसांचे गळे विनाकारण कापले गेले. आपल्या शहरांत ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती बघितल्या की मला कोरिया आठवतो. मॅमोग्राफीच्या गाड्या गावोगाव फिरवण्याचंही तसंच. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या मुंबईतल्या वीस वर्षांच्या अभ्यासात प्रशिक्षित बायकांनी फक्त हातानं केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांतले मृत्यू तीस टक्क्यांच्या जवळपास घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही, हेही तेवढंच प्रामाणिकपणे सांगायला हवं.

निदान झालं तरी उपचार पुरा होणं वेगळं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, आणि २०२३ च्या निर्णयानं कुटुंबामागे मर्यादा पाच लाखांवर गेली. पण योजनेच्या कार्डावर एसटीचं तिकीट निघत नाही, राहण्याची खोली मिळत नाही, बुडालेली मजुरी तर नाहीच नाही. किरणोपचार म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे. इथे एक परदेशी शोध मला सगळ्या रोबोटांपेक्षा मोलाचा वाटतो. ब्रिटनच्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीत चार हजारांवर बायकांवर असं आढळलं, की लवकरच्या स्तनकर्करोगात तीन आठवड्यांच्या पंधरा मात्रांऐवजी एका आठवड्यात पाच मात्रा दिल्या तरी फळ तेवढंच. २०२० साली निकाल आला. सुलतानपूरच्या बाईसाठी हे संशोधन दोन आठवड्यांच्या खोलीभाड्याचं आणि रोजंदारीचं आहे.

आणि दुसरं उदाहरण देशातलंच. आसामात सिल्चरच्या कचार कॅन्सर रुग्णालयात डॉ. रवी कन्नन यांनी रुग्णाच्या नातेवाइकाला तिथेच काम, राहायला जागा, जेवण आणि घरी परतलेल्यांच्या मागे फोन अशी घडी बसवली. उपचार पुरा करणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ७० टक्क्यांवर गेलं, आणि २०२३ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. आपल्याकडे ही दृष्टी गाडगेबाबांना होती. शेणगावचा हा माणूस देवळं न बांधता धर्मशाळा बांधत हिंडला. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण आणि नातेवाईक उतरतात. संभाजीनगरला, अकोल्याला प्रत्येक कॅन्सर रुग्णालयालगत तशी सोय सरकारी खर्चातून उभी करणं हे किरणोपचाराचं यंत्र घेण्याइतकंच वैद्यकीय काम आहे. थायलंडनं २०२१ मध्ये आणखी पुढे जाऊन शिफारसपत्राची अटच काढली. सरकारी योजनेतला कॅन्सररुग्ण जिथे जागा असेल तिथे जाऊ लागला.

औषधांच्या बाबतीत मात्र आपण शिकवण्याच्या जागी आहोत. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभा राहिला. त्यातल्या २३ केंद्रांनी ४० औषधांची एकत्र खरेदी केली, तेव्हा १,३२० कोटी रुपये वाचले. इम्युनोथेरपीचं निव्होलुमॅब हे औषध लाखांच्या घरात जातं. डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या पुढच्या पायरीवरच्या रुग्णांना नेहमीच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम दिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. आता श्रीमंत देशही विचारू लागलेत, की आपण इतकं औषध का वाया घालवतो.

ज्याचा उपचार उरला नाही त्याच्या वेदनेचं काय? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन मिळणं इतकं अवघड केलं, की डॉक्टरांनी लिहिणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला, सवय सुधारली नाही. युगांडात २००४ पासून प्रशिक्षित परिचारिका मॉर्फिन देऊ शकतात. केरळनं १९९३ मध्ये कोळिकोडला सुरुवात करून २००८ मध्ये राज्याचं धोरण केलं, आणि तिथे गावातली माणसंच घरी जाऊन रुग्ण सांभाळतात. विदर्भात हे जवळजवळ नाही.

सप्टेंबर २०२५ अखेर राज्य मंत्रिमंडळानं कर्करोगाचं सर्वंकष धोरण मंजूर केलं. तीन स्तर, अठरा रुग्णालयं, त्यांत संभाजीनगर आणि अमरावती आहेत. केंद्रानं जिल्हा रुग्णालयांत केमोची डे-केअर केंद्रं जाहीर केली आहेत. बुलडाण्याला वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये आलं. इमारती येतील. तपासणीची यंत्रं तर आलेलीच आहेत. क्षयरोगासाठी तालुक्यांत आलेली ट्रूनॅट यंत्रं गोव्यातल्या कंपनीची आहेत. त्यांवरच एचपीव्हीची तपासणी करता येते, आणि तिची पडताळणीही देशात झाली आहे. एवढं हाताशी असताना माझी मागणी एकच आणि फुटकळ वाटेल अशी आहे. लोणार तालुक्यात एक माणूस नेमा, त्याला एक वही आणि एक फोन द्या. ज्याच्या फॉर्मवर संशयाची खूण झाली, त्याच्या नावापुढे तारखा लिहायच्या. तपासणी कधी, तुकडा कधी काढला, अहवाल कधी, उपचार कधी. आणि त्या तारखा तीन महिन्यांनी जिल्हा परिषदेत वाचून दाखवायच्या.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातल्या लोकसंख्येवर आधारित नोंदण्या आहेत त्या मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड इथल्या. बुलडाणा त्या यादीत नाही.